कार्डवाल्या डॉक्टरीणबाई

ज्याचं दुखतं त्यानेच बोलायचं, असा डॉक्टरीणबाईंचा नियम होता. नवऱ्याला घेऊन आलेली बायको असो की म्हाताऱ्याला घेऊन आलेला मुलगा, सोबतचं माणूस बोलायला लागलं की त्या पेन खाली ठेवायच्या आणि आजारी माणसाकडे बघत बसायच्या. तान्ह्या बाळांना तेवढी सूट. जरा बोलता येणाऱ्या पोरालाही त्या विचारायच्या, "कुठे दुखतंय ते तू सांग. आई काय तुझ्या पोटात राहते?" बाहेर बाकावर खोळंबलेले लोक वैतागायचे. पण भांडुपच्या चढावरच्या त्या एका खोलीच्या दवाखान्यातली गर्दी कधी कमी झाली नाही.

त्यांचं नाव पाटीवर होतं, पण ते घेताना मी कुणाला ऐकलं नाही. आमच्या भागात कामगार विम्याचं कार्ड घेणाऱ्या त्या एकट्याच डॉक्टर उरल्या होत्या, म्हणून त्या कार्डवाल्या डॉक्टरीणबाई.

मी त्यांच्यापर्यंत पोचले ती बरीच वणवण करून. मुलुंडच्या एका कंपनीत पॅकिंगला लागले आणि मला कार्ड मिळालं, त्यात आईबाबांचीही नावं आली. जवळचा एक डॉक्टर निवडा, तिथे औषधपाणी होईल, असं ऑफिसात सांगितलं. सांगितलेल्या पहिल्या डॉक्टरांच्या जागी मोबाईलचं दुकान निघालं. दुसरीकडचा कंपाउंडर कार्ड बघून म्हणाला की आम्ही हे कधीच सोडलं, पैसे देऊन दाखवणार असाल तर बसा. तिसरे डॉक्टर ठाण्याला गेले होते. मी कार्ड पर्समध्ये टाकून दिलं. शेवटी पॅकिंगमधल्या रुकसानानेच मला चढावरचा दवाखाना सांगितला. "ओरडेल तुला, पण परत नाही पाठवणार," असं ती म्हणाली होती.

ओरडल्याच. मी तपासणीचे जुने कागद पुढे केले तर म्हणाल्या, "कागद नंतर दाखव. आधी तू दाखव." मग जीभ, डोळे, नखं, सगळं बघून झाल्यावर कागद हातात घेतले.

कार्डवाला आणि पैसे देणारा यांची रांग त्यांच्याकडे एकच असायची. एकदा एक गृहस्थ आत डोकावून म्हणाले, मी कार्डवाला नाही, मला लवकर सोडा. बाईंनी मान वर न करता सांगितलं, "बसा. तुमचा नंबर आला की तुम्हालाच बोलावीन." ते बसले. पुढे नेहमी यायला लागले, हे विशेष. आमच्याकडच्या लोकांना सुई टोचल्याशिवाय बरं वाटत नाही, त्यावरूनही रोज वाद व्हायचे. "सुई हवी तर शिंप्याकडे जा, माझ्याकडे गोळ्या आहेत," हे वाक्य तर गल्लीतली मुलंही एकमेकांना म्हणायची.

बाबांना मी त्यांच्याकडे नेलं ते दिवाळी झाल्यावर. बाबा गिरणीत होते. गिरणी गेल्यावर वॉचमनची नोकरी केली, मग घरी बसले. मुळात अबोल माणूस. आई मालवणकडची, बोलकी, त्यामुळे घरात दोघांचं बोलणं ती एकटीच करायची. पाहुण्यांनी बाबांना कसे आहात विचारलं तरी उत्तर आईचंच यायचं आणि बाबा मान हलवायचे. इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं.

दवाखान्यातही आईने सुरुवात केली. "ह्यांका काय्येक नाय, जरा खोकलो आसा. जेवाण उतरना नाय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "परब, तुम्ही सांगा."

आई पुन्हा बोलायला लागली, तशा त्या शांतपणे म्हणाल्या, "वहिनी, जरा बाहेर बसा. तुमची लेक बसेल इथे."

आई रागाने बाहेर गेली. बाई बाबांकडे बघत बसल्या. बाहेर कुणीतरी खाकरलं. शेवटी बाबा म्हणाले, "घास अडकतो." तेवढंच, पण ते शब्द कुठूनतरी खरवडून काढल्यासारखे आले. बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि त्यांना गावाबद्दल विचारायला सुरुवात केली. घर कुठे, किती जण, आंबे कोण बघतं. बाबा सांगत होते आणि त्या औषधाचं काही न लिहिता नुसत्या ऐकत होत्या.

"आवाज कधीपासून बसलाय?"

"गणपतीत आरत्या म्हटल्या, तेव्हापासून."

गणपती जाऊन दिवाळी झाली होती. आईच्या बोलण्याखाली बाबांचा आवाज गेलेला घरात कुणाला कळलाच नव्हता.

बाईंनी विम्याच्या इस्पितळात चिठ्ठी देऊन पाठवलं. तिथे गुळण्या आणि गोळ्या देऊन परत पाठवलं. बाईंनी पुन्हा पाठवलं, तर महिन्याने या म्हणाले. मी हे सांगायला गेले तेव्हा त्यांनी इस्पितळाचा कागद घेऊन वाचला. मग म्हणाल्या, "उद्या मी येते."

दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद ठेवून, सुती साडी आणि पांढरे कॅनव्हासचे बूट अशा त्या इस्पितळाच्या दारात उभ्या होत्या. मी डॉक्टर आहे असं सांगून पुढे गेल्या नाहीत. आमच्याबरोबर बाकावर बसल्या, आईला घसा आतून कसा असतो ते समजावत. नंबर आल्यावर आतल्या तरुण डॉक्टरने त्यांनाच विचारलं, पेशंटला काय होतंय? त्या म्हणाल्या, "मी सोबत आलेय. त्यांना विचारा." बाबांचं चार वाक्यांचं बोलणं झाल्यावर मग बाईंनी आपली ओळख दिली आणि सांगितलं की घशात दुर्बीण घालून बघितल्याशिवाय मी इथून उठणार नाही. आवाज चढवला नाही, पण खुर्चीही सोडली नाही. त्याच दिवशी तपासणी झाली. स्वरयंत्रावर गाठ होती.

बाबांना ते बाईंनीच सांगितलं, पुढच्या आठवड्यात, दवाखान्यात. "परब, गाठ वाईट आहे. पण लवकर सापडली आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, दोन्ही लक्षात ठेवा."

बाबांनी विचारलं, "बोलता येईल?"

"बहुतेक येईल. पहिल्यासारखं कदाचित नाही."

बाबांनी खिशातली तंबाखूची पुडी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. बाईंनी ती उचलून केराच्या डब्यात टाकली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. त्यांचं सांत्वन असंच असायचं.

विम्यातूनच मोठ्या इस्पितळात किरणांचे उपचार झाले. बाबा वाळले, गळ्यावरची कातडी काळी पडली. घरात त्या काळात वेगळीच शांतता होती, कारण आई बोलेनाशी झाली होती. जेवायला बसलं की ती बाबांकडे बघत थांबायची. त्यांना काय हवं ते तिला आधीच ठाऊक असायचं, तरी थांबायची. एके दिवशी बाबा हळूच म्हणाले, "मीठ कमी आसा." आई पदर डोळ्यांना लावून स्वयंपाकघरात गेली, आणि बऱ्याच वेळाने मीठ घेऊन आली.

बाबांचा आवाज आला. घोगरा आहे, पण त्यांचा आहे.

नंतर बाईंचे गुडघे गेले. चढ चढताना दोनदा थांबायला लागायचं. दवाखाना बंद करायचं त्यांनी ठरवलं, पण त्याआधी कार्ड घेणारा कुणी मिळतो का, हे शोधत त्या संध्याकाळी रिक्षाने फिरायच्या. नवीन डॉक्टरांकडे जाऊन बसायच्या. सगळे चहा द्यायचे आणि नाही म्हणायचे. शेवटी गोवंडीचा एक तरुण डॉक्टर तयार झाला. सुरुवातीला तुम्ही शेजारी बसा, एवढीच त्याची अट. बाई बसल्या, आणि तो लवकर लिहायला लागला की त्याच्या हातावर हात ठेवायच्या.

शेवटच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. त्या पुतण्याकडे नाशिकला चालल्या होत्या. लोक पाया पडत होते, त्यांना ते आवडत नव्हतं. आईने त्यांना रिक्षापर्यंत सोडलं. चढ उतरताना बाईंनी पहिल्यांदाच तिचा हात धरला.

"थय तुमका कोण बघतलो?" आईने विचारलं.

बाई थांबल्या. आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न विचारणाऱ्या त्या बाईंना हा प्रश्न कुणी विचारला नसावा. "शोधायला हवा कुणीतरी," असं म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या.

आईने ते मनाला लावून घेतलं. नाशिकचा चांगला डॉक्टर कुणाच्या ओळखीचा आहे का, हे ती शेजारीपाजारी विचारत राहिली, जणू त्या आमच्याच घरातल्या होत्या. काही महिन्यांनी बाईंचा फोन आला. आधी बाबांना फोनवर बोलावून त्यांचा आवाज ऐकला, मग आईने फोन घेतला आणि पहिलं तेच विचारलं.

बाई म्हणाल्या, "मिळाला. तरुण आहे. पण घाई करत नाही."

फोन ठेवून आई बाबांकडे वळली. "गावलो तेंका डॉक्टर," ती म्हणाली, आणि भिंतीला पाठ टेकून खाली बसली.