आरसेभाऊ इंटरनेटचं माप घेतात

आमच्या गल्लीच्या तोंडाशी काचेचं दुकान आहे. आत पाऊल टाकलं की आपणच आठ-दहा बाजूंनी आपल्या अंगावर चालून येतो. माझ्या वयात हे दृश्य काही फार सुखाचं नसतं, पण दुकानाच्या मालकाशी दोन शब्द बोलायला मी जाते. त्यांना सगळे आरसेभाऊ म्हणतात. बायको गेल्यापासून दुकानामागच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची लेक, एवढाच संसार.

या माणसाचा एक हट्ट आहे. गिऱ्हाइकाने दिलेल्या मापावर ते काच कापत नाहीत. मी एकदा कपाटाच्या दाराचं माप कागदावर लिहून नेलं, तर संध्याकाळी टेप घेऊन स्वारी माझ्या घरी हजर.

"माझ्यावर विश्वास नाही का?" मी विचारलं.

"तुमच्यावर आहे, मावशी. तुमच्या टेपवर नाही."

आणि असा माणूस इंटरनेटच्या बाबतीत मात्र साफ गंडला. कारण तिथे लेकीचा प्रश्न होता.

लेकीला चष्म्याच्या एका कंपनीत नोकरी लागली होती, पण आधी परीक्षेवर, काम जमलं तरच पक्की. घरी बसून व्हिडिओवर गिऱ्हाइकांचे चेहरे पाहायचे आणि शोभतील अशा फ्रेमा सुचवायच्या. सकाळी बापाच्या हाताखाली काचकाम शिकायचं, दुपारनंतर ही नोकरी, असा तिचा बेत होता. नुसत्या दुकानावर दोघांचं भागत नाही, हे तिला कळत होतं, आणि दुकान पुढे आपणच चालवायचं हेही तिने ठरवलं होतं. आरसेभाऊंना एवढा आनंद झाला की त्यांनी दुकानाच्या कोपऱ्यात तिच्यासाठी केबिनच बांधली. जागा टीचभर. ती मोठी दिसावी म्हणून चारही भिंतींना आणि दारालाही आतून आरसे लावले. मधोमध टेबल, टेबलावर सिमकार्डावर चालणारा नवा कोरा राउटर.

पहिल्या दिवसापासून चित्र अडकायला लागलं. एका बाईंचं नाक तेवढं दिसत राहिलं आणि आवाज गेला. दुसरे एक गृहस्थ चिडून तक्रार करून मोकळे झाले. वरिष्ठांनी लेकीला सांगितलं, आणखी एक तक्रार आली तर घरून काम बंद, मग मोठ्या शहरातल्या ऑफिसात येऊन बसावं लागेल.

आरसेभाऊंनी प्लॅन वाढवला. काही फरक पडला नाही. त्यांनी आणखी वाढवला. मग मोबाइलच्या दुकानातली मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही घरगुती घेताय, म्हणून हे होतंय. धंद्याचा घ्या. वर्षभराचा करार, पण वेग बघाल तर थक्क व्हाल."

मी दुकानात गेले तेव्हा ती त्या कराराचा कागद घेऊन आलेलीच होती आणि आरसेभाऊंनी पेनाचं टोपण काढलं होतं.

"काय घेताय, बघितलंत का?" मी विचारलं.

"सगळ्यात मोठा, मावशी. आता कसर ठेवायची नाही."

"मोठा म्हणजे काय? नेट ही काय चादर आहे, लांब असली की दुमडून घालता येईल?"

लेक केबिनमधून ओरडली, "आजी, तुम्हीच सांगा त्याला. मी सांगितलं तर म्हणतो, तू गप्प बस."

मी केबिनमध्ये शिरले, दार ओढून घेतलं. तेवढ्यात माझ्या बहिणीचा फोन आला. ती एरवी थांबता थांबत नाही, पण इथे तिचा एक शब्द धड येईना. मी दार उघडून बाहेर आले, तर तिची गाडी सुसाट. पुन्हा आत गेले, पुन्हा तेच. बहिणीला वाटलं मी मुद्दाम करतेय. तो समज मी तसाच राहू दिला.

"भाऊ," मी म्हटलं, "फोन आत मुका होतोय. प्लॅन तर माझा वेगळाच आहे."

आरसेभाऊंनी पेन खाली ठेवलं. केबिनच्या भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "आरशाच्या पाठीला चांदीचा थर असतो, मावशी. धातूच तो, लहरी अडवणारच. मी पोरीला डब्यात बसवलंय."

लेक हसली, पण त्यांचा चेहरा बघून लगेच थांबली. "बाबा, केबिन सुंदरच आहे रे. फक्त फोन आवडत नाही तिला."

"करार उद्या करू," मी त्या मुलीला सांगितलं. "आधी माप."

माप हा शब्द कानावर पडल्यावर आरसेभाऊंच्या अंगात जान आली. त्यांनी तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन जमवले: स्वतःचा, लेकीचा आणि माझा. लेकीची कामाची वेळ झाली, गल्लीतली सगळी घरं नेट वापरायला लागली, तेव्हा आम्ही खोलीखोलीतून फिरलो. येणारा वेग सगळ्या जाहिराती सांगतात. लेकीचा चेहरा मात्र इथून बाहेर जायचा होता, म्हणून आम्ही जाणारा वेगही पाहिला. स्वयंपाकघराच्या खिडकीत, ओट्याच्या टोकाशी, माझ्याच फोनने बाजी मारली. माझ्या कंपनीला गल्लीत सगळे नावं ठेवतात, म्हणून मला जरा जास्तच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवाली मुलगी आली. आरसेभाऊंनी तिला खिडकीपाशी उभं केलं. "मावशींच्या कंपनीचा दे. घरगुती, मधला. रोजची मर्यादा संपली की वेग पडतो, तसला नको. आणि दर महिन्याला बदलता येईल असा."

"वर्षाचा स्वस्त पडतो, काका."

"आधी बसतोय का बघू दे. कापलेली काच मी परत जोडत नाही."

तिने निमूट दिला. चांगली मुलगी आहे, तिलाही गिऱ्हाईक टिकवायचं असतं.

राउटर खिडकीत गेला आणि परीक्षेचे उरलेले दिवस लेक ओट्याशी बसून बोलत होती. आरसेभाऊंनी त्या वेळेपुरतं काच घासायचं मशीन बंद ठेवलं आणि दुकानात उगाचच कोरडा फडका फिरवत राहिले. आतून आवाज यायचा, "आजोबा, मान जरा डावीकडे. हां. ही नको, यात तुम्ही रागीट दिसता." पलीकडचे आजोबा हसले, तेही अडकता अडकता नाही, सलग. आरसेभाऊंच्या हातातला फडका थांबला.

नोकरी पक्की झाली, घरूनच. केबिनमध्ये आता काचेचे तुकडे आणि चौकटी ठेवतात. भिंतींवरचे आरसे त्यांनी उतरवले आणि विकायला काढलेत, त्यातला एक माझ्या गळ्यात मारायचा प्रयत्न चालू आहे.

"तुमच्या जिन्यात शोभेल, मावशी."

"मला जिना चढताना स्वतःला बघायची हौस नाही. आणि तो मावेल कशावरून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावरची बेल वाजली. टेप घेऊन दोघंही उभी होती. एक टोक बापाच्या हातात, दुसरं लेकीच्या. तिने माझ्याकडे न बघता सरळ जिन्याच्या भिंतीला टेप लावली.

"बाबा, नीट धर," ती म्हणाली. "तुझ्या बाजूने वाकडी जातेय."