चकतीवरचा तांबूस डाग

आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर मी स्वतः एक सूचना चिकटवली आहे : अत्तर, गजरा, पावडर लावून आत येऊ नये. नव्या मुली मला खडूस समजतात. समजोत. सातपूरच्या याच इमारतीत मी पूर्वी द्राक्षांवर राहिलेले औषधांचे अंश तपासायचे, तेव्हा एवढी कडक नव्हते. पुढे गाड्यांत भरायच्या हायड्रोजनची शुद्धता तपासायचं काम आलं आणि माझा स्वभाव बिघडला.

हायड्रोजनवर चालणाऱ्या बसमध्ये नेहमीचं इंजिन नसतं. एक पेटी असते. तिच्यात हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन भेटतात, वीज तयार होते आणि मागच्या नळीतून धुराऐवजी पाणी पडतं. सगळं काम करतो तो पेटीतला प्लॅटिनमचा थर, आणि तो इतका पातळ असतो की वेगळा दिसतही नाही. त्याचे नखरेही तसेच. गंधकाचं प्रमाण अब्जात चारच्या वर गेलं की तो निकामी व्हायला लागतो. उन्हाळ्यात नांदगावकडे पाणी घेऊन जाणारा टँकर डोळ्यांपुढे आणा आणि त्यात एक थेंब टाका. जवळपास तेवढंच. पहिल्यांदा हा आकडा वाचला तेव्हा मी छपाईची चूक समजून दुसरी प्रत मागवली होती. आता त्या थेंबाच्या मागावर राहणं हीच माझी नोकरी आहे, आणि तरी मला त्याची सवय झालेली नाही.

गंधकासाठी यंत्र आहे. धुळीसाठी मात्र एक साधी चकती असते, पाणीपुरीच्या पुरीएवढी, पांढरीशुभ्र. बस भरताना पंपाचं नोझल आणि बस यांच्यामध्ये ती एका जाड डबीत बसवायची. सगळा वायू तिच्यातून गाळून जातो, चहा गाळावा तसा. भरण्याआधी चकतीचं वजन करायचं आणि भरल्यावर पुन्हा करायचं. आमचा तराजू दगडी टेबलावर, काचेच्या घरात बसलेला आहे. चकतीला बोट लागलं तर बोटाचा ठसा त्याला कळतो. एकदा गंमत म्हणून मी कागदाच्या कपट्यावर पेन्सिलीचा ठिपका दिला, तर तो ठिपका वजनात आला. मी हातातली पेन्सिल तशीच धरून बसून राहिले. आपण हात लावू तिथे काहीतरी ठेवून येतो हे मला माहीत होतं, पण ते आकड्यात कधी पाहिलं नव्हतं.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात मी आग्रा रोडवरच्या एका नव्या पंपावर नमुना घ्यायला गेले. तिथे बोअरचं पाणी शुद्ध करून, विजेने फोडून हायड्रोजन बनवतात. चाचणीसाठी एकच बस होती. वायू तपासणीत उतरला तर ती रोज धावणार होती. नाही उतरला तर बस दुसऱ्या शहराला जाणार आणि पंप बंद होणार, असं पंप चालवणाऱ्या कंपनीने सांगून टाकलं होतं.

पंपाचा सगळा कारभार बघणारा माणूस चाळिशीचा, चांदवडकडच्या कांदेवाल्या घरातला. कित्येक वर्षं भरुचच्या कारखान्यात काढून तो या पंपासाठी परत आला होता आणि मागच्या खोलीत म्हाताऱ्या आईला घेऊन राहत होता. फाटकावर मला चहा दिला तो तिनेच.

"तिकडं व्हता तवा दिवाळीला दोन दिस यायचा," ती म्हणाली. "आता रोज माझ्या हातची भाकर खातो. हे चालू द्या बाई, एवढंच मागणं हाय."

"मावशी, माझ्या हातात काही नसतं," मी म्हणाले. "वायू कसा आहे त्यावर आहे सगळं."

बस भरून झाली. चकतीची डबी मी पिशवीत बंद केली. ड्रायव्हरने बस सुरू केली, तसा म्हातारीचा मुलगा मला बसच्या मागे घेऊन गेला आणि म्हणाला, "मॅडम, हात धरा." नळीखाली मी ओंजळ धरली आणि तिच्यात कोमट पाणी पडलं. इकडे बोअरमधून पाणी वर येतंय, तिकडे बसमधून पाणी खाली पडतंय, आणि मधल्या मध्ये एवढी मोठी गाडी माणसं घेऊन चालणार. माझं अर्धं आयुष्य रसायनशास्त्रात गेलंय. हे समीकरण मी शाळेत पाठ केलंय. तरी अंगावर काटा आला, आणि तो आला म्हणून मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी यंत्राने गंधक, कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया सगळ्यांना हिरवा कंदील दाखवला. मग मी डबी उघडली. चकतीवर, अगदी मधोमध, तांबूस डाग होता.

वजन मर्यादेबाहेर गेलं होतं. माझ्या डोक्यात आलं, गंज. पाइप आतून गंजलेला असेल तर तो सगळा बदलावा लागतो, आणि तोवर कंपनी कशाला थांबते? मी पंपावरच्या त्या माणसाला फोन केला. पाइप सगळे स्टेनलेस स्टीलचे आहेत, त्याने स्वतः उभं राहून जोडून घेतलेत, एवढं तो बोलला. पुढे म्हणाला, "मग संपलंच म्हणायचं, मॅडम. भरुचवाले अजून बोलावतात. आईला तिथं करमणार नाय. हितंच ठेवावी लागंल."

मला त्याचा राग आला. लढायच्या आधीच हात वर करणाऱ्या माणसांचा मला येतोच. मी फोन ठेवला आणि चकती सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

गंजाचे कण मी ओळखते. ते चपटे, तपकिरी, कडेला कुरतडल्यासारखे दिसतात. हे तसे नव्हते. हे बारीक आणि लालभडक होते, आणि त्यांच्यात मध्येच पिवळे दाणे. मी सुईच्या टोकाने एक पिवळा दाणा काचपट्टीवर घेतला आणि त्यावर धुण्याच्या सोड्याचं पाणी सोडलं. दाणा लाल झाला. हळद लागलेल्या साडीला साबण लावला की जो लाल डाग उमटतो आणि ज्यावरून घरोघरी बोलणी बसतात, तोच हा लाल. माझ्या समोर, हवेतल्या धुळीला बंदी असलेल्या खोलीत, हळद-कुंकू होतं.

दुपारी मी पंपावर गेले. त्याला म्हटलं, खंडेनवमीला पूजा कोणी केली? तो म्हणाला, पूजा फाटकाबाहेर केली, दिवा-उदबत्ती आत आणायची नाही हे त्याने सगळ्यांना बजावलं होतं. नोझलला बोटही लावू दिलं नव्हतं.

"मी लावलं," त्याची आई मागून म्हणाली.

तिने दिवा आणला नव्हता, उदबत्ती आणली नव्हती, पोराचा शब्द तंतोतंत पाळला होता. पण घरी विहिरीच्या मोटारीला कुंकू लागतं, ट्रॅक्टरला लागतं, कांदा तोलायच्या काट्यालाही लागतं, मग जे यंत्र पोराला घरी घेऊन आलं त्यालाच कोरडं कसं ठेवायचं? तो जेवायला बसला तेव्हा तिने नोझलचं टोपण काढलं होतं.

"बाहेरून लावलं असतं तर ह्यानं पुसलं असतं," ती म्हणाली. "लय पुसापुशी करतो. म्हणून आतून लावलं, तोंडात. म्हटलं, राहील."

तो पायरीवर बसला. आईवर ओरडेल असं वाटलं मला, आणि ओरडला असता तर मी मध्ये पडले नसते. तो एवढंच म्हणाला, "आई, माझ्यासाठीच लावलं ना तू."

"मग काय बसवाल्यासाठी?" ती म्हणाली, आणि बोटं पदराला पुसू लागली.

मी तिच्याकडे बघत राहिले. एवढा दाब, एवढे पाइप, एवढे दरवाजे, आणि या सगळ्यातून एका बाईच्या दोन बोटांची चिमूट थेट माझ्या तराजूपर्यंत आली होती. मला हसूही येईना.

रिपोर्टमध्ये मी दिसलं ते लिहिलं : वजन मर्यादेबाहेर, कण हळद-कुंकवाचे, वायूतले नव्हेत, नोझलच्या तोंडातले. पहिला निकाल खोडला नाही, तसा तो खोडताही येत नाही. कंपनीने एक संधी दिली. नोझल उतरवून, खोलून, धुऊन पुन्हा बसवलं. दुसऱ्या नमुन्याच्या वेळी त्याची आई आखलेल्या पिवळ्या रेषेच्या पलीकडे उभी होती, दोन्ही हात पाठीमागे बांधून, जणू ते आपणहून काही करून बसतील.

त्या संध्याकाळी मी डबी उघडली तेव्हा माझाच श्वास चकतीला लागू नये म्हणून तोंड वळवून घेतलं. चकती पांढरी होती. तराजूवर ठेवली. काचेचं दार लावलं. आकडे हलले, थरथरले आणि आधीच्याच वजनावर येऊन थांबले. मी खात्रीसाठी पुन्हा ठेवली. पुन्हा तेच. एवढा मोठा वायूचा लोट त्या चकतीतून गेला होता आणि मागे काहीच ठेवून गेला नव्हता. मंदिरात मी हात जोडत नाही, पण त्या तराजूसमोर थोडा वेळ उभी राहिले.

फोन केला. चकती पांढरी निघाल्याचं त्याला सांगितलं. त्याने फोन आईकडे दिला.

"काय निघालं वो बाई?" तिने विचारलं.

"काही नाही निघालं, मावशी."

"काहीच नाय?" तिचा आवाज एकदम खाली गेला. "मग आता कधी जायाचं म्हणतो त्यो?"

"कुठेच नाही. काही निघालं नाही म्हणजे सगळं चांगलं आहे. तो इथेच राहतोय, तुमच्याजवळ."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला आणि ती फोनपासून तोंड लांब करून त्याला म्हणाली, "हात धू. भाकर टाकते."