दोरीवरच्या शर्टाला खो

करणी, भानामती, झपाटणं यातलं काही मी कधी मानलं नाही. आमच्या भावकीत अंगात येणाऱ्या दोन बायका आहेत, त्यांच्यासमोरसुद्धा मी मागं उभी राहून नुसती बघत असते. माझी मुलगी पल्लवी मासिकातून असे अनुभव मोठ्यानं वाचून दाखवते तेव्हा मला हसू येतं. माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालेलं, चारचौघांत बोलायचा धीर नाही... तरी जे माझ्या डोळ्यांसमोर झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सोलापूरहून मंद्रूप ओलांडलं की पुढं आमचं गाव. गावचं हायस्कूल जुनं आहे. आधी ते देवळाच्या ओवरीत भरायचं. मग गावकऱ्यांनी जागा दिली, बांधकामाला दगड दिला. आमच्याकडची सगळी जमीन काळी, पाऊस झाला की पाय रुतणारी. म्हणून मैदानासाठी लांबच्या खाणीतून बैलगाड्यांनी तांबडा मुरूम आणून टाकला. दुसरीकडं कुठं गावात तो मुरूम नाही. मुलींची पहिली खो-खोची टीम त्या मैदानावर परकर खोचून खेळली, असं सासूबाई सांगायच्या.

तेव्हापासूनची एक पद्धत आहे. दहावीच्या निरोपाच्या दिवशी भाषणं झाली की सगळे मैदानावर जातात. खो-खो खेळणाऱ्या नववीच्या मुली पांढरे शर्ट घालून ओळीत बसतात. दहावीच्या मुली मुरमात पंजा घासून एकेकीच्या पाठीवर थाप देतात आणि म्हणतात – खो. शर्टावर तांबडा पंजा उठतो. तो ज्या मुलीला मिळाला ती पुढच्या वर्षीच्या टीममध्ये. आजवर कुणी वेगळी निवड केलेली नाही.

पल्लवी नववीत होती तेव्हा नेमकी त्याच दिवसांत मला सोलापूरला दवाखान्यात ठेवलं होतं. माझ्याजवळ राहायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ती राहिली. निरोपाचा कार्यक्रम तिच्यावाचून झाला.

जूनमध्ये शाळा उघडली तरी तिनं जायचं नाव काढलं नाही. टीममधल्या मुली बोलवायला आल्या, त्यातली एक म्हणाली की तुला खो नसला तरी चालंल, तू आमच्या पिशव्या राख. ती गंमतच होती, पण हिनं दार लावून घेतलं. मग खेळाच्या मॅडम घरी आल्या. त्या सोलापूरच्या, दोन वर्षांपूर्वी इथं आलेल्या. त्या म्हणाल्या की चल, मी स्वतः तुझ्या पाठीवर खो देते. पल्लवी म्हणाली, "मॅडम, तुमी बाहेरच्या. तुमचा खो चालत न्हाय." मॅडम चहा पिऊन गेल्या.

हे तिच्या वडिलांच्या पथ्यावरच पडलं. आमची मेंढरं आहेत, आणि एका माणसाच्यानं ती आवरत नाहीत. ते म्हणाले, "न्हाय जायचं तर नगं जाऊ. सतरा नंबरचा फॉर्म भरू, घरी बसून दे दहावी. मेंढरामागं माणूस पायजेच की." असा फॉर्म भरून घरी बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्या परीक्षेला बसत नाहीत, लग्नाला उभ्या राहतात. मला ते नको होतं. पण नवऱ्यासमोर मला शब्द सुचत नाहीत, तेव्हाही सुचले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून बापलेक दोघं मेंढरं घेऊन माळावर जायला लागले.

पांढरा शर्ट आता लागणार नाही म्हणून नणंदेच्या मुलीला द्यायचा ठरला. मी तो स्वच्छ धुऊन अंगणात दोरीवर टाकला. वाळला असेल म्हणून काढायला गेले तर पाठीवर मधोमध तांबडा पंजा. शेजारच्या पोरांचा उद्योग समजून मी परत धुतला. दुसऱ्या दिवशी परत तेच. पोरांना विचारलं तर ती शाळेत होती. पल्लवीवर संशय घ्यावा तर ती पहाटेच माळावर गेलेली. मी त्या पंजावर माझा हात ठेवून पाहिला. त्याची बोटं माझ्या बोटांपेक्षा लांब होती.

तिसऱ्या दिवशी शर्ट परत धुतला, दोरीवर टाकला आणि ज्वारी निवडायला उंबऱ्यावरच बसले. दुपारची वेळ, ऊन चांगलं होतं, वारा नव्हता. शर्टाची पाठ माझ्या बाजूला. माझ्यात आणि त्याच्यात मोकळं अंगण, कोंबडीसुद्धा नाही. मी सुपातून मान वर केली तेव्हा शर्ट मधोमध आत दबला – मागून कुणी थाप द्यावी तसा. ओल्या कापडावर हात पडला की येतो तसा आवाज आला. मग तो सरळ लटकला. पाठीवर पंजा होता.

मी ओरडले नाही. घाबरले असं पण म्हणता येणार नाही. सूप बाजूला ठेवून शर्टाच्या दोन्ही बाजूंनी फिरून पाहिलं. बोट लावलं तर मुरूम ओला होता. या वेळी शर्ट धुतला नाही, तसाच राहू दिला.

संध्याकाळी दोघं परत आले. पल्लवी दोरीपाशी थांबली. तिनं मला विचारलं, "आई, कुणी दिला?"

"मला न्हाय म्हाईत."

तिनं वडिलांकडं बघितलं. "आप्पा, खो बसला. आता मला उठाय पायजे."

ते जवळ गेले. पंजावरची माती चिमटीत चोळली आणि म्हणाले, "शाळंतला मुरूम हाय ह्यो." नंतर त्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझी मान खाली गेली, ती नेहमीच जाते. जेवताना ते एवढंच बोलले, "उद्यापास्नं मी एकटा जातो."

पल्लवी आता दहावीत आहे, टीममध्ये आहे. तिला वाटतं की मेंढरं तिच्यावर सोडून मधेच घरी येऊन पंजा आप्पांनीच उठवला, तोंडानं माघार घ्यायची लाज वाटली म्हणून. मला ते खरं वाटलं असतं तर बरं झालं असतं.

दिवाळीच्या सुट्टीत तिचे वडील लोकर कातरताना अचानक म्हणाले, "मुरूम तूच आणलास, मला कळलं न्हाय व्हय?"

मी म्हणाले, मी नाही.

ते हसले. "लग्न झाल्यापास्नं तू मला कशाला न्हाय म्हनली न्हाईस. शर्ट बघितला आन् वाटलं, हिला बोलता येईना म्हनून हातानं सांगतीया. म्हनून पोरीला सोडली."

मी परत नाही म्हटलं नाही. तो हात माझा नव्हता हे त्यांना पटलं तर पोरीला सोडायचं कारणच उरणार नाही. परीक्षा मार्चमध्ये आहे. तोवर हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, मासिकालाही पाठवणार नाही. तो हात कुणाचा होता, मला अजून कळलेलं नाही, आणि विचारावं असंही कुणी नाही.