वलगावची गायन पार्टी अमरावतीत

गाणं ऐकायला तुम्ही हल्ली विमानानं जाता. आम्ही साठच्या दशकात वलगावहून अमरावतीला बैलबंडीनं गेलो होतो, आणि तिकीट नव्हतंच. चौदा एप्रिलच्या जयंतीनिमित्त दोन गायन पार्ट्यांचा सामना होता: एक अकोल्याची, एक आमच्या गावची. आमच्या पार्टीत पेटी वाजवून गाणारा म्हणजे माझा थोरला भाऊ, दादा. मी तेव्हा शाळकरी पोरगी.

बाबा सोबत आले ते हौसेनं नव्हे. पेटीपायी दादा कामाला टिकत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. मोर्शीच्या एका माणसाला त्यांनी पेटी द्यायचं कबूलही केलं होतं. तो दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होता. आधी एकदा लोकांत बसून ऐका, एवढंच दादानं मागून घेतलं होतं.

रस्ता तेव्हा धुळीचा होता. आता ऑटोनं गप्पा संपायच्या आत पोचता, पण उन्हाळ्यात निघणार असाल तर डोक्याला दुपट्टा बांधाच. पेढी नदीच्या काठी आम्ही भाकर नि ठेचा खाल्ला. दादा जेवला नाही, ओठातल्या ओठात गाणं घोकत होता. कान दिला तर शब्द बदललेले. विचारलं तर म्हणाला, शहरातल्या शिकलेल्या लोकांपुढे मले-तुले शोभत नाही.

ऊन उतरल्यावर मैदानात सतरंज्या पडल्या. अकोलेकरांनी कव्वालीच्या ढंगात अशी सुरुवात केली की लोक उभे राहून टाळ्या देऊ लागले. मग दादा:

"माय म्हणे, पाटी देते तुला,
शिकून ये, मग वाचून दाखव मला."

सूर चोख होता, पण टाळी एक नाही. पुढे बसलेल्या एका म्हातारीनं शांतपणे विचारलं, "बापू, हे कोन्या गावची माय होय?"

मैदान हसलं. दादालाही हसू आलं. त्यानं घाम पुसला आणि घरी रचलं होतं तसं, आमच्याकडे बायाही 'देतो'च म्हणतात तसं, म्हटलं:

"माय म्हणे, पाटी देतो तुले,
शिकून ये, मंग वाचून दाखव मले."

बायकांनी 'मले' उचललं, मागोमाग सगळ्या मैदानानं. मी घसा बसेपर्यंत गायले. तरी सामना अकोल्यानंच जिंकला, आणि ते न्यायाचंच होतं.

पुढे मी मोठमोठे कार्यक्रम ऐकले, नातवासोबत रॉकचासुद्धा. छाती हादरवणारे ते स्पीकर मला आवडले, खोटं कशाला सांगू. पण माझ्या घरातलं बोलणं हजार तोंडांतून ऐकायला मिळालं ते त्या एकाच मैदानात.

दुसऱ्या दिवशी मोर्शीचा माणूस आला. बाबांनी त्याला बसवलं, चहा पाजला. दादा दाराआड उभा होता. पाहुण्यानं पेटीचं विचारलं, तसं बाबा म्हणाले, "नाही जमत भाऊ. पेटीले घरी काम हाय."