तीन वाजताचा डॉल्फिन

आमच्या साडूंइतका नशीबवान माणूस वरसाव्याच्या पुलापासून उत्तनच्या किनाऱ्यापर्यंत दुसरा सापडणार नाही, आणि हे मी कौतुकाने नाही, जळफळत सांगतोय. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून त्यांना मान द्यावा लागतो, तो मी देतो. पण तो देताना माझ्या पोटात जे दुखतं, त्यावर भाईंदरच्या एकाही डॉक्टरकडे औषध नाही. हा गृहस्थ मनगटाला घड्याळ बांधत नाही. लग्नात सासऱ्यांनी आम्हा दोघांना अगदी सारखी घड्याळं दिली होती. माझं अजून मिनिटभर इकडचं तिकडे होत नाही. त्यांनी त्यांचं पहिल्याच आठवड्यात कपाटात ठेवून दिलं आणि तेव्हापासून ते वेळ मला विचारतात. "साडूभाऊ, किती वाजले?" मी सांगायचं, त्यांनी "अरे वा!" म्हणायचं आणि जागचं हलायचं नाही.

बरं, उशिरा येणाऱ्याची कधीतरी फजिती व्हावी की नाही? मी लग्नाला मुहूर्ताच्या आधी पोचतो, तर कार्यालयातला माणूस मलाच खुर्च्या मांडायला लावतो. हे अक्षता पडून गेल्यावर उगवतात आणि थेट गरम जिलबीच्या पंगतीला बसतात. मी बँकेचं शटर वर जायच्या आत रांगेत उभा असतो, तर नेमका माझा नंबर आला की कॉम्प्युटर बंद पडतो. हे दुपारी रमतगमत जातात आणि मॅनेजर त्यांना चहा पाजतो. रविवारी संध्याकाळी मीरा रोडहून जोडीने आमच्याकडे यायचे आणि गॅलरीत माझ्या उजव्या हाताच्या वेताच्या खुर्चीत बसायचे, कारण वारा तिथेच लागतो. खुर्ची माझी होती. त्यातून "ताईचे हे किती निवांत असतात, नाही?" असं आमची ही म्हणाली की मला चहा कडू लागायचा.

पण खरा घाव घातला तो डॉल्फिनने. उत्तनसमोरच्या समुद्रात डॉल्फिन येतात आणि त्यांचा अभ्यास करणारी काही मंडळी हौशी माणसांनाही आपल्या बोटीतून नेतात, असं मी पेपरात वाचलं होतं. डॉल्फिन प्रत्यक्ष बघायचा हे माझं शाळेपासूनचं वेड. दादरची खोली सोडून इकडे आलो तेव्हा "समुद्र जवळ आहे, एक दिवस डॉल्फिन बघून येईन," असं मी हिला सांगितलं होतं, आणि ती फस्सकन हसली होती. तेवढ्यासाठी तरी मला तो बघायचाच होता. मी फोन केला. जागा भरल्या होत्या. पुन्हा केला, पुन्हा भरल्या होत्या. आणि एका रविवारी साडू उत्तनला सुके बोंबील आणायला गेले, परतीची बस अर्थातच चुकली, म्हणून स्टॉपवर शेंगदाणे खात बसले. शेजारी गळ्यात दुर्बीण अडकवलेली एक मुलगी होती, तिला त्यांनी मूठभर दिले. त्या अभ्यासाची प्रमुख निघाली तीच! साडू बोंबील विसरून आले, पण बोटीतल्या दोन जागा घेऊन आले.

"साडूभाऊ, एक तुमची," ते म्हणाले. "मला त्यातलं काय कळतंय? तुम्ही पाहिजेच."

म्हणजे आता डॉल्फिनही मी ह्यांच्या कृपेने बघायचा! मी "बघतो, जमलं तर" म्हणालो आणि त्याच संध्याकाळी उन्हाची टोपी विकत आणली.

ठरलेल्या दिवशी सकाळी साडेसहाला निघायचं होतं. मी सहालाच उत्तनच्या किनाऱ्यावर, वाळत घातलेल्या बोंबलांच्या वासात बसलो होतो. साडेसहा झाले, सात झाले, साडूंचा पत्ता नाही. मला आतून गुदगुल्या होत होत्या. आज बोट सुटणार आणि हे राहणार! मी नाखव्याला म्हटलं, "निघू या की." तो बिडी विझवत म्हणाला, "पानी भरलं न्हाय अजून. बोट हालल कशी?" बोट चिखलात रुतून बसली होती. आणि भरतीचं पाणी बोटीच्या बुडाला लागलं त्याच क्षणी साडू शेजारच्या डोंगरी गावाकडून आलेल्या रिक्षातून उतरले. "काय साडूभाऊ, किती वाजले?"

बोट निघाली तेव्हा ती दुर्बीणवाली मुलगी सगळ्यांना काही समजावत होती. मी तेव्हा घड्याळ खाऱ्या पाण्याने बिघडू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारण्यात गुंतलो होतो. मग बराच वेळ नुसतं पाणी. आणि एकदम ती ओरडली, "तीन वाजता! तीन वाजता!"

मी वक्तशीर माणूस. मी ताबडतोब पिशवी काढली. गाठ सुटेना, दातांनी सोडली. "अहो, आत्ताशी पावणेनऊ होतायत," मी म्हणालो. "तीनपर्यंत थांबायचं तर घरी जेवायला येत नाही म्हणून कळवायला हवं."

साडूंकडे बघायला घड्याळच नव्हतं. ते आपले उजवीकडे वळले. "आहाहा! साडूभाऊ, बघा, बघा!" मी मान वर केली तेव्हा पाण्यावर एक गोल तरंग मोठा होत चालला होता. "गेला तो," नाखवा म्हणाला. "आता न्हाय दिसायचा." बोटीचं नाक म्हणजे बारा, शेपूट म्हणजे सहा आणि उजवा हात म्हणजे तीन, हे म्हणे तिने निघतानाच सांगितलं होतं. करडी पाठ, त्यावर गुलाबी झाक, असं सगळे आपसात बोलत होते. त्यानंतर दोन तास आम्ही फिरलो. एक शेपटीसुद्धा दिसली नाही. मला रडू यायचं बाकी होतं.

घरी दोघी बहिणी वाट बघत होत्या. "दिसला?" हिने मला विचारलं. मी चपला काढत बसलो. एकेक पट्टा सावकाश काढला.

"दिसला म्हणजे?" साडू म्हणाले. "मी तर भलतीकडेच बघत होतो. ह्यांनी घड्याळात बघितलं आणि म्हणाले, तीन वाजता! तिथे कळतं ते सगळं घड्याळावर. मी नुसती मान वळवली."

ही माझ्याकडे बघतच राहिली. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. आणि खरं सांगू? मला साडूंचा इतका राग कधीच आला नव्हता. डॉल्फिन ह्यांना दिसायचा तो दिसला, निदान मनाचा मोठेपणा तरी माझ्या वाट्याला ठेवायचा! पुढे दर समारंभात ते ही गोष्ट सांगत राहिले, आणि दर वेळी माझा डॉल्फिन वीतभर वाढत गेला.

गेल्या वर्षी मीरा रोडचा फ्लॅट विकून दोघं मुलीकडे बंगळूरला गेली. तिथे हवा छान आहे, नातवंडं आहेत, बागही आहे; ह्यांना कुठे काही कमी पडायचं नाही. रविवारी संध्याकाळी मात्र न चुकता फोन येतो. परवाही आला. मी वायर ओढून फोन गॅलरीत घेऊन बसलो होतो.

"साडूभाऊ, किती वाजले?"

घड्याळात सव्वासहा झाले होते.

"तीन," मी म्हणालो.

मग त्यांनी हळूच विचारलं, "दिसला?"

मी उजवीकडे बघितलं. वेताची खुर्ची वाऱ्याला रिकामी होती. हवं तेव्हा बसता येतं आता तिच्यात. मी बसत नाही.

"दिसला," मी म्हणालो.