अण्णांच्या खांद्यावरचा हात

जुन्या रोल कॅमेऱ्याचं चामडी कव्हर उघडलं की बुरशीच्या वासासोबत चामराजपेटेतली ती दुपार आठवते. शेजारचे अण्णा खूप आजारी होते आणि मेल्यावर हार घालायचा फोटो त्यांना जिवंतपणीच माझ्याकडून काढून हवा होता. त्या घराच्या भिंतीवर फेट्याशिवाय एकही मेलेला माणूस नव्हता, म्हणून मुलांनी त्यांनाही फेटा बांधला, हनुवटी वर करायला लावली. कॅमेऱ्याच्या काचेतून मला प्रत्येक वेळी घाबरलेला म्हातारा दिसे. रोल संपत आला तेव्हा अण्णांनी दाराआड उभ्या बायकोला, अक्कांना, हाक मारली, "ये ग, स्वल्प बस इथं." अक्का म्हणाल्या, "तुमची ती भिंत मला नको." "भिंतीसाठी नाही ग, माझ्यासाठी." अक्कांनी येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तसे अण्णा हसले आणि मी बटण दाबलं. तेराव्याला तोच फोटो लागला. जिवंत बाई हाराखाली नको म्हणून मुलांनी अक्कांना कापून काढलं होतं आणि खांद्यावर कोटाचं कापड रंगवून घेतलं होतं. अक्का हळूच मला म्हणाल्या, "माझा हात कुठं गेला रे?" परवा अक्का गेल्यावर मुलांनी ती निगेटिव्ह मागून नेली, आईचाही फोटो आता त्यातूनच काढायचाय म्हणाले.