खाबुऱ्याची नर्स

माझी आई कलावती बारा वर्षं ओमानमध्ये, खाबुऱ्याला, एका अरबाच्या घरी मोलकरीण होती. हे मी आज पहिल्यांदाच लिहिते आहे. माझ्या सासरी ती नर्स होती.

मूळ थाप माझी नव्हती, हे आधी सांगून टाकते, म्हणजे थोडी तरी अब्रू राहील. नव्वद साली वडील होडीसकट बुडाले. मी तेव्हा सहा वर्षांची. आई मला आजीपाशी ठेवून ओमानला गेली. घरकामाला परदेशी गेलेल्या बाईबद्दल गावात नको ते बोलत, म्हणून आजीने तिला नर्स केलं. पुढे लग्नाच्या बोलणीत तीच थाप मी ऐटीत मारली. तिच्या कष्टांवर मी शिकले, आणि शिकून काय केलं, तर तिचे कष्ट लपवले.

२०१४मध्ये आई आणि माझ्या सासूबाई मंगलाताई एकदमच ओमानमधल्या आमच्या अल् घुब्राच्या फ्लॅटवर राहायला आल्या. ईदला माझ्या नवऱ्याच्या, धनंजयच्या ओमानी साहेबांनी सीबला घरी बोलावलं. खाबुरा तिथून दीड तासावर, आईला कोण ओळखणार, असं मी मनाशी धरलं.

आम्हा बायकांना आतल्या खोलीत बसवलं. साहेबांची सून रय्या आठव्या महिन्यात होती, तरी वाकून वाकून सगळ्यांना कहवा, त्यांची बिनदुधाची कॉफी, देत होती. आईला ते बघवेना. मी डोळे वटारले तरी ती उठलीच. डाव्या हातात किटली, उजव्या हातात चिमुकले कप, आणि आधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईपुढे. कपात घोटभरच ओतला, तिथे ओततात तसा. हे पाहुणीला जमत नाही. सासूबाई बघत राहिल्या.

रय्याही बघत होती. ती जवळ आली, आईचा चेहरा निरखला आणि थेट आमच्या गुहागरच्या बोलीत म्हणाली, "आये, माला वळाकलंस नाय?"

तिने आईच्या डोक्याचं चुंबन घेतलं. खाबुऱ्याच्या त्या घरची ही लेक; चार दिवसांची असल्यापासून हिला आईने वाढवलं होतं. माझ्या वाट्याची आई, माझ्या वाट्याची बोली. माझ्या मुलाला मराठीत धड एक वाक्य बोलता येत नाही. आईचे हात तिला कवटाळायला उचलले गेले, मला दिसलं. मग आईने माझ्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतले.

"लहानपणी आजारी असायची ही," आई सासूबाईंना म्हणाली. "आमच्या वॉर्डात असायची, तिथेच शिकली मराठी."

रय्याला शब्द न् शब्द कळला. तिचा चेहरा उतरला. तिने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी कोण, हे तिला सांगावं लागलं नसावं. आईने तिला माझ्या गोष्टी सांगूनच झोपवलं असणार. मला त्या क्षणी जमीन दुभंगली असती तरी चाललं असतं.

"व्हय," ती सावकाश म्हणाली. "मी लय आजारी व्हते. हिनंच जगवलान माला."

सासूबाईंनी विश्वास ठेवला की ठेवल्यासारखं केलं, मला आजही माहीत नाही. नर्स असावी तर अशी, एवढंच म्हणाल्या. आता खरं काय ते बोलायची पाळी माझी होती. आई किटली घेऊन माझ्यासमोर आली, थांबली.

मी कप पुढे केला. आईने त्यात कहवा ओतला.